दोरी, गुण्या आणि नऊ घरांचा तक्ता

शाळेच्या कंपासपेटीतले कर्कटक हरवते, पट्टी मोडते, खोडरबर कुणीतरी पळवते. दोन गुण्ये मात्र दहावीचा निकाल लागेपर्यंत कोरे करकरीत राहतात. एकाचे कोन ४५, ४५ आणि ९० अंशांचे. दुसऱ्याचे ३०, ६० आणि ९० अंशांचे. समांतर रेषा ओढण्यापलीकडे त्यांचे काय करायचे, हे बहुतेकांना शेवटपर्यंत उमगत नाही.

गवंड्याच्या पिशवीतही गुण्या असतो, पण तो लोखंडी आणि रोजच्या वापराने झिजलेला. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे एकदा पाहिले की कोपरा गुण्यात आहे की नाही हे बघायचे. फारसीत सुताराच्या या हत्याराला ‘गूनिया’ म्हणतात आणि त्याच्या मुळाशी ‘गोनिया’ म्हणजे कोन हा ग्रीक शब्द असल्याचे मानले जाते. गवंडी ज्याला घरचा शब्द समजतो, तो बराच प्रवास करून आलेला आहे.

त्रिकोणांच्या प्रकारांचा धडाही असाच. बाजूंवरून समभुज, समद्विभुज, विषमभुज. कोनांवरून लघुकोन, काटकोन, विशालकोन. पाचवी-सहावीच्या पुस्तकात ही सहा नावे एकाच पानावर शेजारी शेजारी बसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे दोन वेगळ्या सवयी आहेत. काहींनी त्रिकोणाकडे हातात दोरी घेऊन पाहिले, त्यांना बाजू दिसल्या. काहींनी त्याचे कोपरे निरखले, त्यांना कोन दिसले. या दोन नजरा मराठी पुस्तकाच्या एका पानावर यायला दोन हजारांहून अधिक वर्षे गेली.

कंपासपेटीतले दोन गुण्ये प्लेटोने लगेच ओळखले असते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात लिहिलेल्या ‘टायमियस’ या संवादात तो सांगतो, की सगळे त्रिकोण दोनच मूळ त्रिकोणांपासून होतात आणि त्या दोघांतही एक काटकोन असतो. पहिला समद्विभुज, म्हणजे आपला ४५ अंशांचा गुण्या. दुसरा विषमभुज, विषमभुजांचे प्रकार असंख्य, पण त्यांतला सर्वांत देखणा म्हणून प्लेटो समभुज त्रिकोणाचा बरोबर अर्धा तुकडा निवडतो. तो आपला ३०-६० अंशांचा गुण्या. या दोघांपासून त्याने सारी सृष्टी रचली. समद्विभुज तुकड्यांचा घन झाला, तो पृथ्वीचा कण. विषमभुज तुकड्यांपासून अग्नी, वायू आणि जल यांचे कण झाले. प्लेटोला वर्गीकरण पाठ करायचे नव्हते, जग कशाचे बनले आहे ते सांगायचे होते.

त्यानंतर काही दशकांनी, इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास, अलेक्झांड्रियात युक्लिडने ‘मूलतत्त्वे’ रचली. पहिल्या पुस्तकातली विसावी व्याख्या बाजूंवरून तीन प्रकार सांगते, एकविसावी कोनांवरून तीन. शाळेतल्या धड्याचा सांगाडा तो हाच. नावे मात्र ग्रीकांच्या रोजच्या बोलण्यातली होती. समद्विभुजासाठी त्यांनी वापरलेल्या ‘आयसोसेलिस’ या शब्दाचा अर्थ ‘सारख्या तंगड्यांचा’. पाय फाकून उभा राहिलेला माणूस डोळ्यांपुढे आणला की हे नाव कसे सुचले असेल ते कळते.

युक्लिडच्या व्याख्येत एक बारीक अट आहे. समद्विभुज त्रिकोणात दोनच बाजू सारख्या असाव्यात, असे तो म्हणतो. म्हणजे समभुज त्रिकोण त्याच्या लेखी समद्विभुज नव्हे. पुढे हीच अट त्याला अडचणीची झाली. चौथ्या पुस्तकात वर्तुळात षटकोन बसवताना समभुज त्रिकोणाचे तिन्ही कोन समान का, याचे कारण तो देतो: समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात म्हणून! व्याख्येत ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याला सिद्धतेत मागच्या दाराने आत घ्यावे लागले. आजचे गणित ‘किमान दोन बाजू समान’ असे म्हणते आणि समभुजाला समद्विभुजांच्याच कुटुंबात धरते. एखाद्या हुशार विद्यार्थ्याने वर्गात हात वर करून ‘समभुज हा समद्विभुजही असतो ना?’ असे विचारले, तर तो या जुन्या भांडणात नकळत उडी घेत असतो.

बाजूंचे तीन प्रकार, कोनांचे तीन. उभ्या-आडव्या रेघा ओढून तक्ता केला तर घरे होतात नऊ. पण पाचव्या शतकातल्या प्रोक्लस या ग्रीक भाष्यकाराने युक्लिडवर लिहिताना त्रिकोणांचे सातच प्रकार मोजले. समभुज एक, कारण तो नेहमी लघुकोनच असतो. समद्विभुज तीन: लघुकोन, काटकोन, विशालकोन. विषमभुजही तसेच तीन. उरलेली दोन घरे, समभुज काटकोन आणि समभुज विशालकोन, रिकामीच राहतात. तीन समान कोनांची बेरीज १८० अंश, तेव्हा प्रत्येक कोन ६० अंशांचा. त्याला काटकोन व्हायची सोय नाही.

पण ही १८० अंशांची बेरीज तरी कशी सापडली? इथे वर्गीकरणाची एक गमतीदार गोष्ट आहे. जुने भूमितिकार हा सिद्धांत तीनदा सिद्ध करत, असे गेमिनस या लेखकाचा हवाला देऊन सांगितले गेले आहे: आधी समभुज त्रिकोणासाठी, मग समद्विभुजासाठी, शेवटी विषमभुजासाठी. ॲरिस्टॉटलने याच सवयीवर बोट ठेवले. तिन्ही प्रकारांसाठी वेगवेगळी सिद्धता दिली तरी त्रिकोणाविषयीचे ज्ञान झाले असे म्हणता येत नाही, असे त्याचे म्हणणे. ती बेरीज त्रिकोण समभुज आहे म्हणून येत नाही, तो त्रिकोण आहे म्हणून येते. प्रकार पाडणे जितके महत्त्वाचे, तितकेच प्रकार कुठे विसरायचे हे कळणे.

शंकूच्या बाबतीतही तसेच घडले. ग्रीकांनी शंकूंचे लघुकोन, काटकोन आणि विशालकोन असे प्रकार केले होते, शंकूच्या टोकाशी किती कोन आहे यावरून. प्रत्येक शंकू बाजूला काटकोनात छेदला की वेगळी वक्ररेषा मिळे. आज ज्याला आपण पॅराबोला म्हणतो, त्याला आर्किमिडीज ‘काटकोन शंकूचा छेद’ म्हणत असे. पुढे अपोलोनियसने दाखवले, की तिन्ही वक्ररेषा एकाच शंकूतून निघतात, पाते कसे तिरपे धरायचे एवढाच प्रश्न. मग ती जुनी नावे निरुपयोगी ठरली.

आता दोरीकडे वळू.

भारतातली सर्वांत जुनी भूमिती यज्ञवेदीच्या आखणीतून आली आणि तिचे नावच दोरीवरून पडले. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायन, आपस्तंब यांच्या शुल्बसूत्रांत विटांच्या चिती कशा रचायच्या याचे नियम आहेत. त्यांतली एक ‘प्रउगचिती’ समद्विभुज त्रिकोणाच्या आकाराची असते. प्रउग म्हणजे रथाच्या दांड्यांचा पुढचा निमुळता भाग. ग्रीकांना त्या आकारात माणसाचे पाय दिसले, इथे रथाचे टोक दिसले. पुरुष हे लांबीचे माप; चितीचे क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष ठरलेले असे. म्हणून आधी पंधरा चौरस पुरुषांचा चौरस आखायचा, त्याच्या एका बाजूचा मध्य काढायचा आणि समोरच्या दोन कोपऱ्यांना तो दोरीने जोडायचा. बरोबर निम्मा भाग त्रिकोणात येतो. असे दोन प्रउग पायाला पाया लावून जोडले की समभुज चौकोन. त्याचे नाव ‘उभयतः प्रउग’.

या सगळ्यात कोन मोजलेला नाही. काटकोनसुद्धा दोरीनेच काढायचा. बौधायनाने जोड्या दिल्या आहेत: ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४, १२ आणि ३५, १५ आणि ३६. सोमयागाच्या महावेदीची लांबी ३६, पश्चिमेची बाजू ३०, पूर्वेची २४. तिची आखणी करताना पश्चिमेच्या बाजूचा निम्मा, म्हणजे १५, आणि लांबीचे ३६ यांच्यावर ३९ची दोरी ताणून कोपरा पक्का करायचा. आजही पायाची आखणी करताना गवंडी ३ फूट, ४ फूट आणि ५ फुटांचा मेळ घालून कोपरा तपासतो, तेव्हा तो हेच करत असतो. मोठ्या आखणीत त्याच्या हातातला गुण्या तोकडा पडतो, दोरी पडत नाही.

म्हणूनच पुढच्या संस्कृत गणितात त्रिकोणाचे नाव ‘त्रिभुज’ असे दिसते. ब्रह्मगुप्ताने ६२८मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला, त्यात सम, द्विसम आणि विषम असे त्रिभुज येतात. काटकोन त्रिकोणाला ‘जात्य’ म्हणत, म्हणजे जातिवंत. त्याच्या बाजू भुज, कोटी आणि कर्ण. त्यांतला कर्ण मराठी शाळेत अजून टिकून आहे. ज्योतिषात कोनाची गरज पडेच, पण तिथेही कंस आणि त्याची ज्या यांवर काम भागे. मग विशालकोन त्रिकोणाचे काय? त्याला वेगळे ओळखायचे कसे?

उत्तर लंबात होते. त्रिकोणाच्या शिखरातून पायावर लंब सोडला आणि तो पायाच्या आत पडला तर त्रिकोण अंतर्लंब. बाहेर, पाया वाढवलेल्या रेषेवर पडला तर बहिर्लंब. पायाचा एक कोन विशाल असेल तरच लंब बाहेर जातो. म्हणजे कोनाचे नावही न घेता विशालकोन पकडता येतो. हे पाहायचे तर भास्कराचार्यांच्या ११५०च्या सुमाराच्या ‘लीलावती’तली दोन उदाहरणे पुरेत.

पहिला त्रिकोण १३, १५ या बाजूंचा आणि १४ पायाचा. लंबामुळे पायाचे जे दोन तुकडे पडतात त्यांना ‘आबाधा’ म्हणतात. नियम असा: दोन बाजूंची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी, भागिले पाया. इथे २८ गुणिले २ भागिले १४, म्हणजे ४. हा आबाधांमधला फरक. तो पायात मिळवून आणि पायातून वजा करून निम्मे केले की आबाधा ९ आणि ५. लंब १२, क्षेत्रफळ ८४. सगळे सरळ.

दुसऱ्या त्रिकोणाच्या बाजू १० आणि १७, पाया ९. तोच नियम लावायचा: २७ गुणिले ७ भागिले ९, म्हणजे २१. आता अडचण. हे २१ पायातून, म्हणजे ९मधून, वजा कसे करायचे? भास्कराचार्य थांबत नाहीत. मोठी आबाधा १५, आणि लहान आबाधा ऋण ६. ऋण याचा अर्थ उलट दिशेला, असे ते सांगतात. लंब पायाच्या बाहेर पडला. लंब ८, क्षेत्रफळ ३६.

या ऋण सहाचे मोल कळण्यासाठी पुन्हा युक्लिडकडे जावे लागते. ‘मूलतत्त्वां’च्या दुसऱ्या पुस्तकात बारावे प्रमेय विशालकोन त्रिकोणाबद्दल आहे आणि तेरावे लघुकोनाबद्दल. एकात काहीतरी मिळवायचे, दुसऱ्यात तेच वजा करायचे. ग्रीकांकडे ऋण लांबी नव्हती, म्हणून दोन प्रमेये लागली. दोरीवाल्यांच्या परंपरेत एकच नियम दोन्ही त्रिकोणांना पुरला, आणि त्रिकोण कोणत्या जातीचा ते उत्तराच्या चिन्हाने आपोआप सांगितले. ॲरिस्टॉटलची तक्रार इथे वेगळ्याच मार्गाने मिटलेली दिसते.

‘लीलावती’ अशा त्रिकोणांचाही समाचार घेते जे त्रिकोणच नाहीत. एखाद्या धीट माणसाने ३, ६ आणि ९ बाजूंचा त्रिकोण सांगितला तर? एक बाजू बाकीच्यांच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल तर ते क्षेत्र नव्हेच, असा निर्वाळा आहे. पटत नसेल तर तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या जमिनीवर मांडून बघा, असेही सुचवले आहे. शिक्षकाने वर्गात आगपेटीच्या काड्यांनी करायचा प्रयोग बाराव्या शतकातच लिहून ठेवलेला आहे.

हा ग्रंथ शिकवला जात होता याचा पुरावा महाराष्ट्रात दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. लेख संस्कृतात, पण दानाचा शेवटचा भाग मराठीत. पुढे कोकणात, जंजिरा-मुरुडजवळच्या नांदगावचा गणेश दैवज्ञ, ‘ग्रहलाघव’ लिहून पंचांगकर्त्यांचे ओझे हलके करणारा, याने १५४५मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. जात्य, अंतर्लंब, बहिर्लंब ही भाषा अशा टीकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली.

कोनाची नजर संस्कृतात आली ती अरबीतून. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसीने युक्लिडची अरबी आवृत्ती सिद्ध केली होती. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने तिच्यावरून संस्कृत ‘रेखागणित’ रचले: पंधरा अध्याय, ४७८ प्रमेये. युक्लिडच्या व्याख्या आता समकोण, न्यूनकोण, अधिककोण अशा शब्दांत बोलू लागल्या. हे पुस्तक छापून निघाले ते १९०१-०२मध्ये, मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत.

हिंदी शाळांमध्ये आजही समकोण, न्यूनकोण, अधिककोण हेच शब्द आहेत. मराठीने वेगळी वाट धरली. १८२२मध्ये मुंबईत हैंदशाळा पुस्तक मंडळी सुरू झाली. तिचा कारभार पाहणारा कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा इंजिनिअर. त्याने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून हटन या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांवरून मराठी आणि गुजराती पाठ्यपुस्तके तयार करवली. संस्कृत ग्रंथ, अरबी वळणाचे रेखागणित, कारागिरांची बोली आणि इंग्रजी पुस्तक हे सगळे तेव्हा एकाच मेजावर आले असणार. मराठीत अखेर जे शब्द रुजले ते लघुकोन, काटकोन, विशालकोन. गुजराती मुलेही काटकोणच म्हणतात, लघुकोणही म्हणतात. विशालकोनाला मात्र ती गुरुकोण म्हणतात. बंगालीत सूक्ष्मकोण आणि स्थूलकोण आहेत. लहान-मोठा, कमी-जास्त, बारीक-जाड: प्रत्येक भाषेने त्या कोपऱ्याकडे आपापल्या डोळ्यांनी पाहिले. आणि आकृतीच्या नावातच हिंदी बाजूंची राहिली, मराठी कोनांची झाली. तिकडे त्रिभुज, इकडे त्रिकोण.

जर्व्हिसची मंडळी मुंबईत पुस्तके छापण्याच्या खटपटीत होती, त्याच सुमारास, २० जानेवारी १८२३ रोजी, आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला भारताची मोजणी करणाऱ्या विल्यम लॅम्बटनचा मृत्यू झाला. १८०२मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्याने त्रिकोणांची साखळी सुरू केली होती. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवत ती साखळी दख्खनपर्यंत आली. एक बाजू आणि कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात; त्यांतल्या एका बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा.

मोजणीवाल्यांना युक्लिडच्या सहा नावांशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांचे दोनच प्रकार: भरवशाचा आणि बेभरवशाचा. समभुजाच्या जवळ जाणारा त्रिकोण भरवशाचा, चपटा आणि टोकदार त्रिकोण धोक्याचा. ज्ञात बाजूसमोरचा कोन मोजताना झालेली तीच बारीक चूक, कोन ६० अंशांचा असेल त्यापेक्षा ५ अंशांचा असेल तर काढलेल्या बाजूत जवळजवळ वीसपट मोठी होऊन उतरते. म्हणून कोणताही कोन शक्यतो ३० अंशांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा दंडक पडला. योग्य टेकडी मिळाली नाही तर तिथे मुद्दाम मनोरा बांधावा लागे.

आणि नीट मोजूनही त्यांच्या त्रिकोणाची बेरीज १८० अंश येत नसे. किंचित जास्त येई. ही चूक उपकरणाची नव्हती. पृथ्वी गोल आहे, तिच्या पाठीवरचा त्रिकोण फुगलेला असतो. साधारण दोनशे चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात ही वाढ अंशाच्या ३६००व्या भागाइतकी, म्हणजे एका सेकंदाची. इसवी सन १००च्या सुमारास मेनेलॉस या ग्रीक गणितज्ञाने गोलावरच्या त्रिकोणांचा अभ्यास करताना त्यांच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून जास्त भरते हे सिद्ध केले होते.

गोल मोठा घेतला, त्रिकोणही मोठा घेतला, तर प्रोक्लसच्या तक्त्यातली रिकामी घरे भरू लागतात. उत्तर ध्रुवावरून दोन रेखावृत्ते खाली सोडायची, एकमेकांपासून ९० अंशांवर. ती विषुववृत्ताला काटकोनात भेटतात. ध्रुवावरचा कोनही काटकोन. तिन्ही बाजू पृथ्वीच्या परिघाच्या चौथाईइतक्या, सुमारे दहा हजार किलोमीटर. हा त्रिकोण समभुज आहे आणि त्याचा प्रत्येक कोपरा गुण्यात आहे. तिन्ही टोके एकमेकांपासून सारखीच आणखी थोडी दूर सरकवली की नववे घरही भरते: समभुज, विशालकोन.